दोघांची तालीम

धरणगावच्या एका हायस्कुलात तोताराम बाविस्कर नावाचे मराठीचे शिक्षक होते. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक म्हणजे बाविस्कर सर, हे गावाला पाठ होतं. नाटक लिहायचे तेच, बसवायचे तेच. मंडपवाल्याकडून पडदे मागून आणायचे आणि विंगेत उभं राहून मुलांना वाक्यं सांगायचे तेही तेच. मुलांचे उच्चार म्हणजे त्यांचा जीव. ‘ण’ला ‘न’ म्हटलेला त्यांना चालत नसे, आणि तालमीत एखाद्याच्या तोंडून ‘आहे’ऐवजी अहिराणीतलं ‘शे’ निघालं की सर तालीम थांबवत. “पुन्हा म्हण.” पोरगं चुकत राही आणि सर थांबून राहत.

त्याला कारण होतं. सर चोपड्याकडच्या एका खेड्यातले. आईवडील दुसऱ्याच्या केळीत मजुरीला जात. शिक्षणासाठी धुळ्याला गेल्यावर पहिल्याच तासाला त्यांच्या तोंडून भर वर्गात ‘शे’ निघून गेलं आणि सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर मुलं त्यांना ‘शे’ याच नावानं हाक मारत होती. तेव्हापासून सरांनी अहिराणी तोंडातून काढून टाकली. गावी गेले तरी आईशी पुस्तकी मराठीत बोलत. आई, तानुबाई, कौतुकानं बघत राही आणि आपल्या बोलीत उत्तर देई. ‘माझ्या शाळेतल्या पोराला असं कोणी हसता कामा नये,’ एवढंच सरांच्या मनात होतं.

चौऱ्याऐंशी सालच्या सुमारास नाटक वाढलं. जळगावच्या स्पर्धेत शाळेला बक्षीस मिळालं आणि तालमीला निम्मी शाळा यायला लागली. हेडमास्तरांनी सरांना बोलावून सांगितलं, “आता एकट्याचं काम राहिलं नाही. नव्या देवरेबाई आल्यात ना, त्यांना बरोबर घ्या.”

सुमन देवरे धुळ्याच्या. कॉलेजात असताना नाटकांत कामं केलेली. बाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून वेगळं. त्या मुलांना म्हणायच्या, “वाक्य राहू दे. आधी तू त्या घरात चालून दाखव.” सरांना हा वेळेचा अपव्यय वाटे. शेवटी सरांनीच वाटणी केली. “बोलणं माझं, चालणं तुमचं.” बाई हसून हो म्हणाल्या. आणि चाललं की ते! सर खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे, बाई रंगमंचावर मुलांमध्ये वावरायच्या. तालीम संपली की दोघं शाळेच्या पायरीवर बसून चहा घेत भांडायची. दुसऱ्या दिवशी तालमीत सरांचं थोडं आणि बाईंचं थोडं दिसायचं. मुलांना ते दोघं एकाच नाटकाचे आईबाप वाटत.

मग सरांचं ऐकणं कमी व्हायला लागलं. आधी मागच्या बाकावरचं ऐकू येईना. सर ओरडायचे, “मोठ्यानं बोला!” मुलं घसा फाटेस्तोवर बोलायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाची नसच वाळत चालली आहे, औषध नाही. खिशात ठेवायचं यंत्र दिलं. त्याची वायर कानापर्यंत यायची आणि भर वर्गात ते शिट्टी वाजवायचं. पोरं हसायची. सरांनी ते कपाटात ठेवून दिलं. त्याच वर्षी आईही गेली. शेवटच्या दिवसांत ती काहीतरी सांगत होती, ते सरांना नीट ऐकू आलं नाही.

नाटकाचं काय करायचं, हे दोघांत कधी बोलून ठरलं नाही. एके दिवशी सर डोळे मिटून खुर्चीत बसले होते आणि बाईंना दिसलं की वाक्य केव्हाच संपलंय, तरी सर ऐकतायत. दुसऱ्या दिवशी बाई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “सर, आज तुम्ही मागून बघा ना, पात्रं एकमेकांना झाकतात का. मी वाक्यं घेते.” सर उठून हॉलच्या मागे गेले. तेव्हापासून बोलणं बाईंचं झालं, चालणं सरांचं.

एकोणनव्वद साली सरांनी नवं नाटक लिहिलं. मुलगा सुरतला गिरणीत जातो आणि परतत नाही, आई वाट बघते, अशी गोष्ट. आईचं काम नववीतल्या मोगराकडे होतं. सातपुड्याच्या पायथ्याची, वसतिगृहात राहणारी मुलगी. ‘भाकरी आहे, खाणारा कुठे आहे?’ हे वाक्य ती पाठ केलेल्या कवितेसारखं म्हणायची. बाईंनी खूप प्रयत्न केले. मग एकदा सर घरी गेल्यावर बाई तिला म्हणाल्या, “तुझी आई हे कसं म्हणेल?”

मोगरा चुलीपुढे बसावं तशी खाली बसली. “भाकर शे, खानारा कोठे शे?” म्हणाली, आणि बाईंच्या अंगावर काटा आला.

आईची सगळी वाक्यं मग तशीच बसली. सरांना सांगायचं बाईंनी उद्यावर टाकलं, आणि तो उद्या आलाच नाही.

स्पर्धा धुळ्यात होती. सर हॉलच्या मागच्या भिंतीशी उभे होते. त्यांनी बसवलेल्या हालचाली चोख चालल्या होत्या. आईच्या प्रवेशात त्यांना दिसलं की बायका पदरानं डोळे पुसतायत, पुढच्या रांगेतले परीक्षक लिहायचं थांबलेत. सरांना फार आनंद झाला. पडदा पडल्यावर शाळेचा शिपाई लीलाधर धावत आला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, “सर, पोर काय गोड बोलनी आपली अहिरानीम्हा!”

सरांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

बाई सामान आवरत होत्या. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“बाई, मला ऐकू येत नाही, म्हणून?”

बाईंचा चेहरा उतरला. त्या सरांना ओठ दिसतील असं, सावकाश बोलल्या. “तुम्ही नाही म्हणाला असतात, सर.”

“म्हणालोच असतो. पण ते मला म्हणू द्यायचं होतंत.”

“चुकलं माझं. पण मोगराचं नाही चुकलं. बघितलंत ना तुम्ही?”

“मी फक्त बघितलंच,” सर म्हणाले आणि बाहेर गेले.

पहिलं बक्षीस मिळालं. शाळेनं दोघांना हारतुरे दिले. त्यानंतर सर तालमीच्या हॉलकडे फिरकले नाहीत. बाईंनी वाक्यंही घेतली आणि हालचालीही. नाटक आणखी वाढलं, शेजारच्या गावांतून बोलावणी यायला लागली. बाई दिवाळीला सरांच्या घरी फराळाचा डबा घेऊन जायच्या. सरांची बायको सुंदरबाई चहा करायची. सर पावसापाण्याचं, पिकांचं बोलायचे. नाटकाचा विषय कोणी काढत नसे. पुढे वर्गातही भागेना, तेव्हा सरांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली.

बाईंच्या यजमानांची बदली नागपूरला झाली, ते त्र्याण्णव साल. निरोप घ्यायला बाई आल्या. चहा झाला. बाई उठायला लागल्या तेव्हा सर एकदम म्हणाले, “मोगरा कशी बोलली होती हो?”

बाई पुन्हा बसल्या. सरांकडे तोंड करून म्हणाल्या, “भाकर शे, खानारा कोठे शे?”

सर त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. मग मान हलवली. “असं नाही. ‘कोठे’ला आवाज खाली जातो.” आणि त्यांनी स्वतः ते वाक्य म्हटलं. बहिऱ्या माणसाचा आवाज, मोठा, एकसुरी. तो खाली गेला की नाही, तेही त्यांना कळत नव्हतं. सुंदरबाई स्वयंपाकघरातून दारात आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या तोंडून ही बोली तिनं पहिल्यांदा ऐकली.

“आता बरोबर आलं?” सरांनी विचारलं.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी मान डोलावून हो म्हटलं. सर म्हणाले, “माझ्या डोक्यात आता दुसरं काही वाजतच नाही, बाई. फक्त आई जेवायला हाक मारते. तिला मी कधी तिच्या बोलीत ओ दिली नाही.”

बाई नागपूरला गेल्या. नाटक कोणाकडे द्यायचं, हा प्रश्न मीटिंगमध्ये एकदा निघाला, पण कोणी तयार झालं नाही. एक वर्ष मुलांनी आपापलं काहीतरी बसवलं, ते पडलं. पुढच्या वर्षी हॉलच्या मध्ये भिंत घालून दहावीच्या जादा तासांसाठी दोन वर्ग काढले.

सर त्यानंतर चार-पाच वर्षं होते. संध्याकाळी ओट्यावर बसत. जुने विद्यार्थी भेटायला आले की त्यांच्याशी अहिराणीत बोलत. उत्तर ऐकू येत नसे. मुलं जाताना पाया पडत, आणि सर मोठ्या आवाजात जेवणाचं विचारत, “जेवनात का रे?”