पान उघडेना म्हणून सुनेला बोलले

बायांनो, आज नातू पाहिला, लई गोड! पण आधी माझा मूर्खपणा ऐका.

बारसं सुनेच्या माहेरी, नांदेडला. गुडघेदुखीपायी मी इथं विद्यानगरात घरीच राहिले. सुनेनं फोटोंची वेबसाइट पाठवली, तर माझ्या लॅपटॉपवर नुसतं पांढरं पान! मी फोनवर सुनावलं, "मुद्दाम बंद केलंस ना? सासू नक्को झाली?" ती रडायलाच लागली.

मग शेजारची स्वाती आली. "आजी, तुम्ही भलत्यासलत्या जाहिराती दाबता, म्हणून तुमच्या मुलानंच सगळ्या साइटींच्या स्क्रिप्ट, म्हणजे पान चालवणारा कोड, अडवल्यात; त्याशिवाय हे फोटोंचं पान दिसत नाही. या एकाच साइटीच्या चालू करते, बाकी राहू द्या."

फोटो दिसले. बाळाखाली मी शिवलेली गोधडी होती. सुनेनं आठवणीनं नेलेली.

आता तिला कोणत्या तोंडानं फोन करू, सांगा गं?