तेलकट लेनवरचा चेंडू

तेलाशी उभं वैर धरून इतका आनंदात जगणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा सापडायचा नाही. हे आमचे साडूभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. रेल्वेच्या कचेरीत जन्म काढला, रायपूरच्या समता कॉलनीत घर बांधलं आणि निवृत्तीनंतर बरोबरीची माणसं भजनी मंडळात जाऊ लागली तेव्हा हे बोलिंगला जाऊ लागले. रायपूर राजधानी झालं, मॉल आले, आणि एका मॉलच्या वरच्या मजल्यावर जड चेंडू घरंगळवून टोकाच्या पिना पाडायची ती गुळगुळीत लेन आली. लाकूड झिजू नये म्हणून लेनवर तेलाचा हात फिरवतात, हे साडूभाऊंना कळलं आणि आमची शांतता गेली. कारण तिथला मॅनेजर ते तेल पंगतीत तूप वाढावं तसं सढळ हाताने लावी. "चमकदार चेंडू तेलावर घसरते अन् सरळ कडेच्या नालीत जाते, पिना उभ्याच," साडूभाऊ मला दर भेटीत समजावत. "आपल्याले पाहिजे खरबरीत अंगाचा, तेलाले धरून वळणारा. चमकला की मेला समजा!"

मग चेंडूची निवड सुरू झाली. मुलीसाठी स्थळं पाहतानाही या गृहस्थांनी इतक्या चौकशा केल्या नव्हत्या. लग्नकार्यात गेले की आधी कचोरी ताटात फिरवून किती घसरते ते पाहत, मगच खात. मागवलेले चेंडू गालाला लावून पाहत, हुंगत, आणि शेवटी एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर जवसाचं तेल ओतून परीक्षाच घेतली. एक लालभडक चेंडू फ्रिजखाली गेला, दुसऱ्याने लोणच्याची बरणी फोडली. "अहो, काहून माझ्या फरशीचा सत्यानाश करून राहिले?" ताई ओरडली. साडूभाऊ तेलात बसूनच म्हणाले, "थांब जी, तिसरा वळून राहिला!" तो तिसरा राखाडी, मळकट, कळाहीन चेंडू पसंत झाला. ऑटोत ते त्याला मांडीवर घेऊन बसत.

ताई मात्र हा खेळ पाहायला कधी आली नव्हती. दसऱ्याच्या दुपारी शेजारच्या क्लिनिकवाल्या डॉक्टरांशी सामना ठरला, तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, "या वेळी मी येतो पाहाले." साडूभाऊंना आभाळ ठेंगणं झालं. "तिच्यासमोर एकदा जिंकलो ना, मग मले काहीच नको," ते मला म्हणाले, आणि हे ते अगदी मनापासून बोलत होते.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. घरातली हत्यारं, अवजारं पुजायचा दिवस. साडूभाऊ बुढापाऱ्याच्या बाजारात झेंडू आणायला गेले असताना ताईने विळी, हातोडी, शिलाई मशीन यांच्याबरोबर तो चेंडूही पाटावर मांडला. बिचारा फारच मळकट दिसला म्हणून चिंचेने घासला, खोबरेल तेल चोळचोळून आरशासारखा चमकवला, तिन्ही भोकांना कुंकू लावलं आणि परत पिशवीत ठेवून दिला.

मॉलमध्ये साडूभाऊंनी पिशवी उघडली आणि ते पाहतच राहिले. मी हळूच माझा रुमाल पुढे केला. "पुसा ना, वेळ आहे अजून." त्यांनी मागे पाहिलं. नवी साडी नेसून बसलेली ताई डॉक्टरांच्या बायकोला हौसेने सांगत होती, "मीच चमकवला!" साडूभाऊंनी रुमाल माझ्या खिशात परत कोंबला. "राहू द्या. ती पाहून राहिली ना."

त्यानंतर तो चेंडू जो घसरत सुटला, तो प्रत्येक वेळी काठाकाठाने थेट नालीत. डॉक्टरांनी विचारलं, "भैया, आज बॉल को क्या हो गया?" साडूभाऊ हसून म्हणाले, "त्योहार है, उसकी भी छुट्टी है!" आणि दर वेळी ताई टाळ्या वाजवत होती. खेळाचा गंध नसल्याने तिला वाटत होतं, न वळता नालीपर्यंत पोचणं हेच कसब. "डॉक्टरांचा तर सारखा वाकडाच जाये," ती परतताना म्हणाली. "तुमचा कसा सरळ!"

"हव," साडूभाऊ म्हणाले, "तू चमकवला ना."

संध्याकाळी दारात तिने त्यांना जिंकून आले म्हणून ओवाळलं. त्यांनी वाकून कुंकू लावून घेतलं. मला तेव्हा त्यांचा फार लोभ वाटला.

आता ते बोलिंग बंद पडलं, आणि साडूभाऊंना चेंडू उचलवतही नाही. ताई पाहुण्यांना अजून सांगते, "यायनं डॉक्टरले हरवलं होतं बरं!" ते खिडकीबाहेर पाहत राहतात, आणि साक्षीला मी असलो, की मीही "हो ना" म्हणतो.