तिवरांच्या बेटावरचा तपास

आजही डोळे मिटून बसलो की आधी पाणी दिसतं. उथळ, कोमट, हिरवट पाणी. त्यात उभी तिवरांची बुटकी झाडं, आणि पलीकडे वाळवंट जिथे संपतं तिथे उन्हात थरथरणारी एक पांढरी रेघ. पाण्याच्या पाठोपाठ ती केस आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, किनाऱ्यावर उतरवलेला चोरटा माल पकडला. पण निवृत्तीनंतर, परमुलखात, अंगावर वर्दी नसताना केलेला हा तपास जितका लख्ख आठवतो, तितकं दुसरं काही आठवत नाही. कोणाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यांमध्ये माझी बरीचशी नोकरी गेली. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि कतारला मुलीकडे राहायला गेलो. मुलगी-जावई दोहाजवळ लुसैलला राहतात. दोघं ऑफिसला गेली की घरात मी आणि खिडकी. खिडकीतून समुद्र दिसे, पण काच इतकी जाड की लाटेचा आवाज म्हणून येत नसे. आवाज नसलेला समुद्र पाहत बसलं की माणसाला आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेनासं होतं. दिवस कुठला, वार कुठला, याचा मला पत्ता नसे.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा तरुण आला. मूळचा साताऱ्याकडचा, एका आयटी कंपनीत मॅनेजर. येऊन दारातच उभा राहिला.

"काका, थोडं कॉन्फिडेन्शियल बोलायचं होतं."

मी त्याला आधी बसवलं आणि पाणी दिलं. ठाण्यातही माझा हाच नियम असे. तक्रार घेऊन आलेला माणूस उभ्या उभ्या बोलतो ती त्याची भीती असते. बसून, पाणी पिऊन बोलतो तेव्हा कुठे हकिगत सुरू होते.

हकिगत त्याच्या आईची होती. वडील गेल्यावर तो तिला इथे घेऊन आला होता. साठी उलटलेली, शांत बाई. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो. गेले काही आठवडे दुपारी ती घरातून निघायची आणि संध्याकाळी सून ऑफिसातून यायच्या आत परतायची. विचारलं तर म्हणायची, मॉलमध्ये चालायला जाते. पण मॉलमध्ये गेलेल्या बाईच्या चपलांत वाळू कशी येईल? जाताना पिशवी हलकी, येताना जड. आणि एकदा रजेवर घरी असलेल्या सुनेनं बाल्कनीतून पाहिलं, काकू एका जुन्या पांढऱ्या गाडीत बसून गेल्या. तरुणानं गाडीवाल्याचा शोध काढला होता. रत्नागिरीकडचा माणूस, एका कंपनीत सकाळपाळीचा ड्रायव्हर, जवळच्याच उम्म सलाल मोहम्मद गावात राहणारा.

"आई कुणाच्या तरी नादाला लागलीय, काका. नाहीतर तिचं डोकं तरी... मी त्या ड्रायव्हरच्या कंपनीत कम्प्लेंट करणार आहे. एचआरला सगळं सांगतो. आणि आईला परत पाठवतो. सुट्टीत आम्ही सगळे बीचवर जाणार होतो, बेटावरच्या रिसॉर्टमध्ये राहणार होतो. आता तिला नेणंच नको."

इथल्या नोकरदाराला कंपनीनं काढलं की त्याचा या देशातला मुक्काम संपला, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. एका संशयावर एक संसार गुंडाळला गेला असता.

"मला थोडे दिवस दे," मी म्हणालो. "तोवर आईला एक शब्द विचारायचा नाही. साक्षीदार एकदा सावध झाला की खरं बोलत नाही."

"ती साक्षीदार आहे की आरोपी?"

"ते अजून ठरायचंय."

दुसऱ्या दिवशी साखर मागायचं निमित्त करून मी काकूंकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. मनगटावर बांगड्यांच्या जागी फिकट पट्टा आणि त्याच्या वर रापलेली कातडी. नाकाचा शेंडाही सोलवटलेला. मॉलच्या एसीत कोणी रापत नाही. इतक्यात नात शाळेतून आली आणि दप्तर टाकून बेटावरच्या सुट्टीचं बोलू लागली.

"फर्स्ट कायाक, देन स्नॉर्केलिंग, देन शेल्स कलेक्ट करणार. सनसेटला सँडबारवर जायचं. आजोबा, तिथे फ्लेमिंगोज असतात!"

"आणि आजी काय करणार?" मी विचारलं.

"बाबा सेज, आजी विल सिट अंडर द अम्ब्रेला अँड वॉच अवर बॅग्ज."

काकू हसल्या. पण गाळण्यावरचा त्यांचा हात क्षणभर थांबला. तेवढं मी टिपून ठेवलं.

खालच्या रिसेप्शनवर एक फिलिपिनो बाई बसे. येता-जाता मी तिच्याशी दोन शब्द बोलत असे. खबरी काही पैशानेच मिळतो असं नाही. ज्याच्याकडे दिवसभर कोणी पाहत नाही, त्याची विचारपूस केली तरी तो खूप सांगतो. मी सहज पांढऱ्या गाडीचा विषय काढला. ती म्हणाली, गाडीत नेहमी मागच्या सीटवर एक बाई असते, डोक्यावर ओढणी घेतलेली. काकू तिच्याशेजारी बसतात आणि दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसत जातात.

सुनेला बाल्कनीतून फक्त ड्रायव्हर दिसला होता. तपासाची दिशा इथे बदलली.

गाडीवाला मला उम्म सलालच्या एका कॅफेटेरियात भेटला. ड्युटी संपवून तो तिथे करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा प्यायला येई. पन्नाशीचा, दाढी पांढरी होत आलेला. मी समोर बसलो, मराठीत ओळख सांगितली, पोलीस होतो तेही सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"मी काय केलंय वो साहेब?"

"काही केलं असं मी म्हटलंच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना कुठे नेता, एवढंच सांगा."

तो टेबलाकडे बघत राहिला. सराईत गुन्हेगार डोळ्यांत बघून खोटं बोलतो. साधा माणूस खरं सांगता येत नसलं की खाली बघतो.

"त्यांना मी जबान दिलीय. मी नाय सांगनार. नोकरी गेली तरी चालंल."

मी जोर लावला नाही. गावाकडचं विचारलं. गाव खाडीकाठचं होतं. बायको पलीकडच्या तीरावरची, तिच्या माहेरी सगळ्यांचं आयुष्य होडीवर गेलेलं. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो. चहा संपला तसा गाडीपर्यंत त्याच्यासोबत चालत गेलो. डिकी उघडायला सांगितली, तेव्हा त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. आत दोन ओलसर टॉवेल होते आणि खाण्याच्या तेलाचा एक मोठा रिकामा कॅन.

"हा कशाला?"

"पानी भरायला."

मी कॅन हातात घेतला. झाकण घट्ट बसवून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. मुठीतून सुती दोरी ओवलेली आणि दोरीवर जुन्या ओढणीची पट्टी नीट शिवलेली. ज्या कॅनचं झाकणच उघडायचं नाही त्यात पाणी कसं भरणार? आणि दोरीवर मऊ कापड शिवतात ते ती अंगाला काचू नये म्हणून. लहानपणी आमच्या गावच्या विहिरीत वडिलांनी मला असाच पत्र्याचा डबा पाठीला बांधून ढकललं होतं.

"काकू पोहायला शिकतायत," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "तुमीच वळखलंत साहेब. मी नाय सांगितलं."

"नाही सांगितलं. पण का, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

दुसऱ्याच दुपारी मी पुढच्या सीटवर बसलो. मागे काकू आणि गाडीवाल्याची बायको. मला पाहून काकूंचा चेहरा उतरला, पण त्या गाडीतून उतरल्या नाहीत. आम्ही उत्तरेकडे निघालो. उंच इमारती मागे पडल्या, मग नुसतं पिवळं सपाट रान, मग अचानक हिरवं. वाळवंटाच्या कडेला समुद्रात शिरलेलं ते तिवरांचं बेट. लाकडी पुलावरून पलीकडे गेलो. ओहोटी होती. पाण्याचे पाट झाडांच्या मुळांतून संथ सरकत होते, पारदर्शक, तळाची वाळू दाखवणारे. लांबवर फ्लेमिंगो एका पायावर उभे होते. कोणीतरी कायाक वल्हवत गेलं आणि त्याचा आवाज बराच वेळ पाण्यावर रेंगाळला. मला वाटलं, इतके दिवस काचेआडून पाहिलेल्या समुद्राला आज आवाज फुटला.

काकू पिशवीतला जुना पंजाबी ड्रेस घालून आल्या. गाडीवाल्याच्या बायकोनं त्यांच्या पाठीला कॅन बांधला आणि दोघी कमरेएवढ्या पाण्यात गेल्या.

"काकी, हात सैल सोडा. पानी धरतंय तुमाला. घाबरू नका."

काकू उताण्या झाल्या. आधी खांदे आखडलेले, हनुवटी वर. मग हळूहळू अंग सैल पडलं. पिकलेले केस पाण्यात पसरले. त्या तरंगत होत्या, डोळे उघडे ठेवून, आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या, ते ऐकू आलं नाही.

बाहेर आल्यावर टॉवेल गुंडाळून त्या माझ्याजवळ वाळूत बसल्या. मी विचारण्याआधी त्याच बोलू लागल्या.

"या लेकाच्या आधीचा एक मुलगा होता मला. नदीच्या डोहात गेला. मी काठावर धुणं धूत होते. मला पोहता येत नव्हतं." टॉवेल आवळून घेत म्हणाल्या, "त्यानंतर याला मी पाण्याजवळ जाऊच दिलं नाही. शाळेची सहल नदीवर असली की याला ताप आलाय म्हणून कळवायची. इतका मोठा झाला, अजून गुडघाभर पाण्याला भितो. त्याची पोर शाळेच्या तलावात पोहते, तेव्हा हा काठावर उभा राहून थरथरतो. मी पाहिलंय. आता बेटावर जायचं म्हणतात. पोर पाण्यात जाणारच. मॉलमध्ये यांच्या बायकोची ओळख झाली, होडीवर वाढलेली, तिलाच म्हटलं मला शिकव. या वेळी मला काठावर बसायचं नाहीये."

"मुलाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं त्यानं? रोज ऑफिसात बसून जीव टांगणीला लागला असता त्याचा. त्याची भीती मीच पेरलीय हो. अजून कशाला वाढवू?"

मी त्यांना सांगितलं की मुलगा तक्रार करायला निघाला आहे. त्या एकदम उभ्या राहिल्या. "यांची नोकरी?" त्यांनी गाडीवाल्याकडे पाहिलं. "मग त्याला आणा इथे. मीच दाखवते."

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी त्याला घेऊन गेलो. वाटेत तो सारखा विचारत होता, "काका, गिल्टी कोण आहे ते तर सांगा." मी फक्त म्हणालो, "जागेवर पोचल्यावर बोलू."

पुलाच्या टोकाला आलो आणि त्याला आई दिसली. पाण्याच्या मधोमध, पाठीवर कॅन, पाय मारत पुढे सरकणारी.

"आई!"

ती हाक मी विसरणार नाही. चाळिशीला टेकलेल्या माणसाची ती हाक नव्हती. तो धावला आणि पाण्याच्या कडेशी खिळल्यासारखा थांबला. हात पुढे केलेले, पाय वाळूत रुतलेले. ओठ पांढरे पडले होते. मी त्याला धरणार होतो, पण धरलं नाही. मग त्यानं बुटांसकट एक पाऊल पाण्यात टाकलं. मग दुसरं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तो थांबला आणि रडायला लागला.

काकू पोहतच त्याच्यापर्यंत आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"बूट तरी काढायचेस रे," त्या म्हणाल्या.

पुढचं दोघंच बोलले. मी आणि गाडीवाला पुलावर पाठमोरे उभे राहिलो. भाऊ त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोत ठाऊक होता. तो कसा गेला, हे घरात कधी कोणी उच्चारलं नव्हतं. फक्त पाण्याची भीती तेवढी कारण न सांगता त्याच्याकडे आली होती. मी वळून पाहिलं तेव्हा दोघं उथळ पाण्यात बसली होती. भरती लागली होती, आणि पाणी त्यांच्या कमरेशी हळूहळू चढत होतं. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

परतताना तो गाडीवाल्यासमोर उभा राहिला. "चाचा, मी तुमच्या कंपनीत जाणार होतो," तो म्हणाला. "सॉरी."

"माझ्या आईला कोन असा घेऊन गेला असता, तर मी पन गेलो असतो," गाडीवाला म्हणाला.

"मला शिकवाल? पुढच्या आठवड्यापासून. इन्शाल्ला."

गाडीवाल्याची बायको मागून म्हणाली, "इन्शाल्ला नको. इन्शाल्ला म्हनलात की राहूनच जातंय. यल्ला म्हना, म्हंजे चला, आत्ताच." काकू इतक्या हसल्या की त्यांना पुलाचा कठडा धरावा लागला.

सुट्टीत ते सगळे त्या रिसॉर्टच्या बेटावर गेले. मला आग्रह झाला, पण मी गेलो नाही. तपास संपल्यावर तपास अधिकाऱ्यानं फिर्यादीच्या घरी रेंगाळू नये, ही सवय. नातीनं नंतर मोबाइलवर फोटो दाखवला. सँडबारवर, म्हणजे समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्याशी, संध्याकाळच्या उजेडात ती आणि आजी मानेपर्यंत पाण्यात होत्या. तिचे बाबा कंबरभर पाण्यात उभे होते, दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत. छत्रीखाली बॅगांजवळ कोणीच नव्हतं.

नोकरीत मला शिकवलं होतं की माणूस दोन कारणांनी गोष्टी दडवतो, भीतीनं किंवा हावेनं. पस्तीसेक वर्षं तेवढ्यावर माझं भागलं, आणि बहुतेक केसेस त्यातच बसल्या. काकूंनी मला तिसरं कारण दाखवलं. काही माणसं दडवतात, कारण आपल्या भीतीचा वारसा लेकराकडे गेलाय हे त्यांना कळलेलं असतं, आणि त्याला कळू न देता तो वारसा त्यांना परत घ्यायचा असतो. अशा माणसाचा जबाब ठाण्यातल्या खुर्चीत बसवून मिळत नाही. त्यासाठी आपल्यालाही पाण्यापर्यंत चालत जावं लागतं.