विहिरीजवळच्या रानाची निवडणूक

आमच्या घरात आजवर एकच निवडणूक झाली आणि ती मी हरलो. भरवली मीच होती. उमेदवार मी, प्रचार माझा, जेवणावळ माझी, आणि मतदार म्हणाल तर घरचीच सहा माणसं, त्यात मी स्वतः एक. तरी हरलो!

बरं, मी काही नवखा गडी नाही. कारखाना असो, सोसायटी असो, ग्रामपंचायत असो, आमच्या कळंबपासून पार माळेगावच्या पाहुण्यांपर्यंत लोक मला प्रचाराला बोलावतात. दारातल्या चपला बघून मी घरात किती मतं आहेत ते सांगतो. (ती कुणाला पडणार हे चपलांवरून कळत नाही, हे ज्ञान मला जरा उशिरा झालं.)

सगळं सुरू झालं आमच्या ऋतुजामुळं. पोरगी आठवीत आहे. एका रविवारी पुस्तक घेऊन आली आणि मताधिकार म्हणजे काय, असं तिनं मला विचारलं. मत देण्याचा हक्क, एवढं सांगून विषय मिटला असता. पण मला बोलायला विषय मिळाला की तो मिटत नाही. मी चहा मागवला आणि पाटावर मांडी ठोकली.

परदेशात बायकांना मतासाठी मोर्चे काढावे लागले, तुरुंगात जावं लागलं, हे सांगितलं. नवऱ्याच्या मतात बायकोचं मत आलंच की, असं तिथले पुरुष म्हणायचे, हे सांगून मी पोट धरून हसलोही. आपल्याकडं मात्र पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बाईला आणि गड्याला बरोबरीनं मत मिळालं. पण नावं लिहायला माणसं दारात आली, तर कितीतरी बायका स्वतःचं नावच सांगेनात. कुणी म्हणे बाळूची आई, कुणी म्हणे अमक्याची बायको. असली नावं मग यादीतनं काढून टाकली.

"म्हणजे हक्क होता, पण मत देता आलं नाही?" ऋतुजा म्हणाली.

"तवा लोक अडाणी हुते," मी म्हणालो आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात माझी बायको सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं शांतपणे विचारलं, "मग त्यो मताधिकार आपल्या घरात हाय का?"

हा टोमणा कुठनं आला ते मला बरोबर कळलं. विहिरीजवळ आमचं अर्धा एकर रान आहे. तिथं ती आणि माझ्या धाकट्या भावाची, दत्ताची बायको शोभा, दोघी मेथी, कोथिंबीर, वांगी करतात आणि इंदापूरच्या बाजारात नेऊन विकतात. बाकी सगळ्या रानात ऊस. ते अर्धा एकरही उसाखाली घ्यायचं मी आठवड्यापूर्वी जाहीर केलं होतं. ऊस लावला की माणूस कसा मोकळा! भाजीचं म्हणजे रोज खुडा, रोज निवडा, रोज जुड्या बांधा. सुनंदा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. एकदाच म्हणाली होती, "त्या रानात मी माझ्या मर्जीनं पेरते. ते गेलं तर माझं म्हणून काय ऱ्हायलं?" त्यावर मी उसाचे फायदे पुन्हा पहिल्यापासून सांगितले होते.

पण आता पोरीसमोर माघार कशी घेणार? आणि मनात हिशेब तयारच होता. गडी तीन, बायका तीन. तात्या, म्हणजे माझे वडील, माझ्याच बाजूचे. दत्ता माझ्या शब्दाबाहेर नाही. आई तात्यांच्या बाहेर नाही, शोभा दत्ताच्या बाहेर नाही. सुनंदाचं एक मत गेलं तरी पाच माझी. मी तिथल्या तिथं निवडणूक जाहीर केली. ऊस की भाजी, गुप्त मतदान, संध्याकाळी निकाल.

ऋतुजा निवडणूक अधिकारी झाली आणि मतदारांची नावं लिहायला बसली. मी भराभर सांगत सुटलो. तात्यांचं, माझं, दत्ताचं नाव बापासकट, आडनावासकट सांगितलं. पुढं म्हणालो, "आता लिही, आय, तुजी आय, आन् दत्ताची बायको."

पोरीनं पेन खाली ठेवलं. "बाबा, ही तीन नावं यादीतनं काढावी लागतील. आत्ताच तुम्हीच सांगितलंत ना?"

दत्ता खोकत खोकत बाहेर गेला. (खोकला नव्हता त्याला.) ज्याचं त्यानं नाव सांगायचं, असा अधिकाऱ्यांनी हुकूम काढला. आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "हौसा. हौसाबाई लिही."

"आजी, तुझं नाव हौसा आहे?"

"व्हय बाळ. कुणी हाकच मारत न्हाय, मंग मलाबी इसरल्यागत हुतं."

आईला तिच्या नावानं हाक मारलेली मीही कधी ऐकली नव्हती, खोटं कशाला सांगू. पण उमेदवारानं मतमोजणीपर्यंत हळवं व्हायचं नसतं. शोभाची पाळी आली तर ती म्हणते, "माझं माहेरचं नाव मंगल. शोभा ह्यांनी लग्नात ठेवलं. मत मंगलच देणार." दे म्हटलं, नावात काय आहे, मत दत्ताबरोबरच पडणार!

दुपारी मी प्रचाराची रीत म्हणून मटण आणलं. ते शिजवलं माझ्याच विरोधकांनी, पण रस्सा असा झाला की विचारू नका. सगळी पोटभर जेवली. वाढताना सुनंदा मला आग्रह करत होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी डब्यात चिठ्ठ्या पडल्या. ऋतुजानं एकेक उघडून वाचली. भाजी. भाजी. ऊस. भाजी. भाजी. भाजी.

मी पुन्हा मोजायला लावल्या. पुन्हा तेच.

थोड्या वेळानं तात्या माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ते एक मत माझं बरं का." गोठ्यात गेलो तर दत्ता म्हणाला, "दादा, ते एक मत माझं हुतं." आईनं तर देवाची शपथ घेतली. ते एक मत माझंच होतं, हे या तिघांना मी कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी तात्यांना खोदून विचारलं, तेव्हा ते उसळले. "ऊस लावला की मोकळा तूच हुतोस. तू पारावर जाऊन बसतोस आन् पाणी मला धरावं लागतं."

त्याच रात्री सगळे जमल्यावर सुनंदानं दुसरा ठराव मांडला. भाजी राहणार तर ती बाजारात न्यायला एक मोकळा माणूस लागेल. हात वर करून मतदान झालं. त्यातही पाचास एक.

तेव्हापासून मी इंदापूरच्या बाजारात सुनंदाशेजारी पोतं अंथरून बसतो. ती गिऱ्हाइकाशी बोलते, मी जुड्या मांडतो. ती हल्ली माझ्याशी कामापलीकडंही बोलते, आणि खरं सांगतो, ते मला उसापेक्षा गोड लागतं. परवा एका पॅनेलचे पुढारी चार माणसं घेऊन समोर उभे राहिले. मोठ्या विश्वासानं म्हणाले, "तुमच्या घरची सहा मतं आमी धरून चाललोय बरं का."

मी म्हणालो, "मतांचं मला इचारू नका. मी फक्त मेथीचा भाव सांगतो, आन् त्योबी हिला इचारून."