उजवा प्रसाद

डिचोलीच्या बाजारात कापडाच्या दुकानावर आमचा स्टुडिओ आहे. माणसं तीन. मालक, पेडण्याहून स्कूटरवर येणारे कॅमेरावाले काका आणि एडिटिंगला मी. लग्नं, मुंजी, जत्रा, तुयेच्या एखाद्या कारखान्याची जाहिरात, जे मिळेल ते करतो. सामान मात्र ज्याचं त्याच्याकडे. मालकाचं लॅपटॉपवर, माझं कॉम्प्युटरवर आणि काकांचं हार्ड डिस्कांवर. वाळपईच्या एका लग्नाची जुनीच प्रत मुलीकडच्यांना गेली, तिच्यात नवरदेवाच्या मामाचं नाव चुकलेलं. मामाने फोनवर आमची सालटी काढली. त्याच दिवशी मालकाने जाहीर केलं, यापुढे सगळं एका जागी, सर्व्हरवर. मला बरं वाटलं. कोणती फाईल कुणाकडे, हे विचारून विचारून मी विटले होते.

काकांची एक सवय होती. नवा कॅमेरा, नवी लेन्स, नवा माईक, काहीही आलं की ते आधी घरी नेऊन काकूंवर चालवून बघायचे. काकू नारळ खवताहेत, काकू पायरीवर मासे साफ करताहेत आणि काकांवर करवादताहेत, ‘‘बंद करा मरे तो कॅमेरो, माका काय कामा नाय?’’ हे सगळं ‘टेस्ट’ नावाच्या फोल्डरात जायचं. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. घरी त्यांचे फोटो होते, पण त्यांचं बोलणं फक्त त्या फोल्डरात उरलं होतं. जेवणाच्या सुटीत काका डिस्क घेऊन माझ्या टेबलाशी यायचे, पोय, आमच्याकडचा पाव, मोडत म्हणायचे, ‘‘लाव गे एक.’’ मी लावायची. काकू ओरडायच्या आणि काका जेवायचे. त्या ओरड्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

डिस्कांवरचं सगळं सर्व्हरवर चढवायचं काम मालकाने स्वतः केलं. स्वतःच्या हातावर त्याचा फार विश्वास. मग म्हणाला, आता जुन्या डिस्का पुसू, नव्या कामाला येतील. मी म्हटलं, पुसण्याआधी सगळं उघडून बघूया. त्यात आठवडा गेला असता. आमच्याकडे माणसाला कंटाळा आला की तो देवाला विचारतो.

‘‘प्रसाद घेवया,’’ मालक म्हणाला.

देवळात गुरवाने मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. सगळं नीट चढलंय ना, जुनं पुसलं तर चालेल ना, असं मालकाने गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. काका शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभे. पाकळी उजवीकडची पडली. संध्याकाळपर्यंत सगळ्या डिस्का कोऱ्या, परत काही काढता येणार नाही इतक्या.

सोमवारी सर्व्हरला झेंडूची माळ, आम्हाला पेढे. मालक म्हणाला, ‘‘काका, कितेंय सोद. पापणी लवच्या आदीं मेळटलें.’’

काकांनी शोधायच्या चौकटीत एका बोटाने ‘टेस्ट’ असं लिहिलं. काही आलं नाही. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं. मालक मागून हसला, ‘‘तें सोदूं नाका. टेस्ट म्हळ्यार कचरो. तो हांवें घेवंकच ना.’’

म्हणजे तो फोल्डर त्याने सर्व्हरवर चढवलाच नव्हता. काकांनी मागे वळून बघितलं. मी मात्र ओरडले. आदल्या रोजापर्यंत ज्या माणसाला मी सर म्हणत होते, त्याला मी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. त्याने शांतपणे पेढा संपवला.

‘‘देवान उजवो दिलो. आतां म्हजो कितें गुन्यांव?’’

मी काकांकडे बघितलं. त्यांनी त्याची गचांडी धरायला हवी होती. ते म्हणाले, ‘‘बरोबर आसा. देवाक इचारला तेव्हा मी पण हात जोडून उभो होतंय.’’

मालकाला दया आली. त्याने पुसलेल्यांतली एक डिस्क काकांना दिली. ‘‘घरच्या कामाक वापर. पयशे नाकात.’’ काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली. देवावर रागवायची त्यांची छाती नव्हती, मालकावर रागवायची सवय नव्हती. मला दोघांचाही राग आला, आणि काकांचाही.

दुपारी ते डबा घेऊन माझ्याकडे आले. डबा उघडला नाही. म्हणाले, ‘‘तू तर तिका कितके येळा आयकलंस. तुज्या कानात रवला आसात. एकदा बोलान दाखय.’’

मी नाही म्हणायला हवं होतं. मी काकूंसारखा आवाज काढला, काकू ओरडायच्या तशी ओरडले. कापडाच्या दुकानातला माणूस जिन्यातून डोकावून गेला.

काकांनी मान हलवली. ‘‘असा नाय.’’

मी पुन्हा ओरडले.

‘‘तसा पण नाय,’’ ते म्हणाले. मग कसं, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना ते सांगता येईना.