खाली म्हणजे कुठे?

जाईच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी नळाचा पाना असतो. झाशीत खंडेराव गेटजवळच्या तिच्या दुमजली घरातून ‘नळ गळतोय’ असा भाडेकरूंचा फोन आला, की ती प्लंबरला न बोलावता स्वतःच स्कूटी काढते. नवरा जयदीप सरकारी कंपनीत इंजिनीअर. तो चिडवतो, “डिग्री माझी आणि पाना तुझा!”

मिरजेची ही मुलगी लग्न होऊन इथे आली ती कंपनीच्या क्वार्टरमध्ये. नऊ वर्षं ब्लाउज शिवून साठवलेले पैसे घातले, बाकीचं कर्ज काढलं, आणि हे घर घेतलं. हप्ता भाड्यातूनच निघतो.

आता शेजारचं घर विकायला निघालं होतं आणि जाईचा जीव त्यात अडकला होता. मालक महिनाभरच थांबणार होता. नव्या कर्जासाठी विचारलं, तेव्हा बँकेच्या साहेबांनी सांगितलं, की ते पाच तारखेला बघायला येतील. दोन्ही मजल्यांवर भाडेकरू दिसले, तरच ते भाडं तिचं उत्पन्न धरतील.

वरच्या मजल्यावर चार वर्षांपासून गरौठा गावचा हर्षित राहत होता. एका लॅबमध्ये नोकरी, सोबत म्हातारी आई, अम्मा. खालचा मजला नुकताच रिकामा झाला होता आणि दोन नर्सबाई जागा शोधत होत्या. अम्मांचे गुडघे गेलेले, जिना एकोणीस पायऱ्यांचा. जाईनं ठरवलं, अम्मांना तळमजला द्यायचा, त्याच भाड्यात. नर्सबाई वर. घाईघाईत तिनं हर्षितला मेसेज टाकला: ‘एक तारीख को आपको खाली शिफ्ट होना है।’

उत्तर आलं, ‘जी दीदी।’ एरवी तो पुढे हात जोडल्याचं चित्र टाकायचा. या वेळी ते नव्हतं. जाईच्या ते लक्षातही आलं नाही. ती तळमजल्यावर ड्रिल मशीन घेऊन बसली होती.

एक तारखेला सकाळी ती किल्ली घेऊन पोचली, तर दारात सामान भरलेला टेम्पो. अम्मा एका गाठोड्यावर बसलेल्या, तोंड दुसरीकडे. हर्षितनं वरची किल्ली पुढे केली. “लीजिए दीदी. बड़ागांव गेट के पास कमरा मिल गया.”

“कमरा? कशाला? मतलब, क्यों?”

अम्मांचा बांध फुटला. “चार साल रए, और फोन पै निकार दओ! मूं पै तो कै देतीं!”

“मैंने निकाला? किसने कहा?”

हर्षितनं फोन तिच्यापुढे धरला. जाईनं मेसेज वाचला. पुन्हा वाचला. आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

“अरे देवा! भैया, हमारी मराठी में खाली मतलब नीचे! नीचे शिफ्ट होना है, अम्माजी के घुटनों के लिए!”

“और मैं समझा, घर खाली करना है!” हर्षित म्हणाला. मग त्याला आठवलं, “मतलब गर्मियों में आपने कहा था, ‘मोटर का बटन खाली है’...”

“नीचे है!”

“और मैं दो दिन बिजलीवाले को ढूंढता रहा, कि बटन में तार नहीं है!”

टेम्पोवाला हसू लागला. अम्मा मात्र हसल्या नाहीत. भाषेचं खापर फोडून मालकीण वेळ मारून नेतेय, असंच त्यांना वाटत असावं. जाईनं काही समजावलं नाही. त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. बाथरूमच्या भिंतीला, बसल्या हाताला लागेल अशी, स्टीलची दांडी बसवली होती. उंबरठा काढून तिथे उतार केला होता. सिमेंट अजून ओलसर दिसत होतं.

अम्मांनी दांडी धरली, ओढून पाहिली. पुन्हा जोर लावून ओढली. हलली नाही.

“कौन ने लगाई?”

“मैंने.”

अम्मा बाहेर आल्या आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, “उतार लो सामान.”

बड़ागांव गेटला दिलेला बयाणा अडकला होता. जाईनं त्या घरमालकाला फोन लावला, आपलीच चूक सांगितली आणि संध्याकाळच्या आत पैसे परत आणले. टेम्पोचं भाडं मात्र तिलाच पडलं. एकोणीस पायऱ्या उतरवलेलं सामान दहा पावलं आत नेण्याचं पूर्ण भाडं!

पाच तारखेला बँकेचे साहेब आले. वर नर्सबाईंचा डबा भरणं चाललं होतं. ते त्यांनी पाहिलं, दोन्ही करारनामे तपासले आणि ओट्यावर ऊन घेत बसलेल्या अम्मांना विचारलं, “आप कहाँ रहती हैं, माताजी?”

जाईकडे बघत, चार दिवसांत शिकलेली मराठी अम्मांनी मोठ्या ऐटीत वापरली. “हम तौ खाली रत हैं.”

साहेबांचं पेन थांबलं. “खाली? नीचे का हिस्सा खाली है?”

“नीचे, सर, नीचे!” जाई आणि हर्षित एकदमच ओरडले.

साहेबांनी लिहिलेला शब्द खोडला. “तो भरा हुआ लिखूँ?”

“लिखो,” शेजारच्या घराकडे बोट करत अम्मा म्हणाल्या, “और बाजू वालो भी लिख लो. बाई उतै भी डंडा लगाएगी.”