तारवाले सर

तारवाले सर रस्त्यानं कायम वर बघत चालायचे. खाली गटार असो का शेण, नजर खांबावरच्या तारांवर. लई वेळा पाय मुरगळला त्यांचा. गल्ली हसायची, मी बी हसायचे.

नवरा गेला, पाचोडची शेती दिरानं घेतली. मी शहरात आले, डबे करून खाल्लं. रडून कुणाची चूल पेटत नाय. सर माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. पैठणचे मुसलमान, मला अक्का म्हणायचे, जेवायचे माझ्याकडंच.

त्यांचा धाकटा भाऊ हेलिकॉप्टर चालवायचा. धुक्यात विजेची तार दिसली नाय. एवढंच सांगितलं, ते बी एकदाच. भाकरी ताटात सोडून उठले होते.

तवापासून ते कामाला होते त्या कंपनीत एक पेटी बनवत होते. सुट्टीच्या दिवशी पेटी माझ्या गच्चीवर, समोर कपडे वाळवायची तार. मग हाक यायची, "अक्का, जरा धूळ करा की!" मी सूप घेऊन भुसा उधळायचे. तार डोळ्याला दिसंना, पण पेटीच्या काचेवर पांढऱ्या दोऱ्यासारखी उठायची.

"लहरी सोडते ही," सर सांगायचे. "धूळ, धुकं त्यांना अडवत नाय. तारेला लागून माघारी येतात."

"जग धूळ झाडा म्हणतं, अन् तुम्ही करा म्हणता!"

"जगाला वर उडायचं नाय ना, अक्का."

मग हेलिकॉप्टरवाले मोठे साहेब पेटी बघायला येणार म्हणून ठरलं. पाचोडच्या अलीकडं कोरडा माळ, कडंला दोन खांब, मधी तार. पेटी हेलिकॉप्टरात बसवली होती. उतरताना पंख्यानं धुरळा उठणार, तार झाकणार, अन् साहेबांना ती पेटीत दिसणार. पसंत पडली तर सगळ्या हेलिकॉप्टरांत बसणार होती. सर आदल्या दिवशी जेवलेच नाय.

जेवणाचे डबे घेऊन मी सकाळी माळावर गेले, तर सगळा चिखल. कंपनीच्या मॅनेजरनं टँकर लावून माळ भिजवला होता. सर चपला हातात घेऊन पळत आले.

"अहो, धूळच पाहिजे होती मला! काय केलं हे?"

"पाहुण्यांना धुळीत उतरवायचं? आपली काय इज्जत राहील?" मॅनेजर म्हणाला. "हार कुठायत ते बघा आधी."

हेलिकॉप्टर उतरलं. कण उडाला नाय. साहेब खाली आले, गळ्यात हार पडले. "तार तर डोळ्यांनीच दिसली की," म्हणाले, "मग पेटी कशाला?" सगळे हसले. माझ्या हातचं जेवले, वांग्याला वा वा म्हणाले, अन् गेले.

परत कुणी आलं नाय. कंपनीनं ते कामच बंद केलं.

खोली सोडायच्या दिवशी सर गच्चीवर गेले. माझं जुनं लाल लुगडं फाडून तारेला चिंध्या बांधत बसले. "डोळ्यांनीच बघायचंय ना," म्हणाले, "मग हे बास झालं."

परवा गुलमंडीच्या बाजारात दिसले. कॅमेरे विकायच्या दुकानात कामाला हायेत. वर वायरींचं जाळं, अन् सर खाली बघत चाललेले.

"सर, पेटीचं काय झालं?"

"कसली पेटी, अक्का?"

गच्चीवर चिंध्या अजून हायेत तारेला, विटून पांढऱ्या पडल्यात. थंडीत धुकं असलं अन् वरून घरघर आली, की पिठातला हात तसाच थांबतो. आवाज पार निघून गेला, की मग भाकरी थापते.